पणजोबांची तलवार परदेशी पाठवायची? आधी हिशेब करा

भिवंडीच्या गोदामांतून रोज देशभर माल जातो, तेव्हा दसऱ्याला पुजली जाणारी घरची तलवार लंडनच्या लेकाकडे पाठवायला कितीसा खर्च येईल, असं वाटणं साहजिक आहे. पण त्यासाठी एखादा एजंट पैसे मागत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. शंभर वर्षांहून जुनी तलवार ही पुरावस्तू ठरते आणि 1972 च्या कायद्यानुसार खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद, शिवाय दंड. ‘पितळी शोपीस’ लिहून पार्सल बुक केलं, तरी एक्स-रेमध्ये पातं मुठीपासून टोकापर्यंत दिसतं.

वयाबद्दल शंका असेल तर सायन किल्ल्यातल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे, वस्तू पुरावस्तू नसल्याच्या दाखल्यासाठी जा. हा दाखला म्हणजे निर्यात परवाना नव्हे; तो शस्त्र कायद्याच्या कलम 10 खाली वेगळा लागतो. ब्रिटनमध्ये 50 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, वाकड्या पात्याच्या नव्या तलवारीवर बंदी आहे. पारंपरिक पद्धतीनं हातानं घडवलेलीला सूट मिळते, पण तसा पुरावा लागतो. मुठीला हस्तिदंत असेल तर वन्यजीव कायदा आड येतो, तेव्हा तो विचारच सोडा.

देशातल्या देशातही कुरिअर टाळा. एप्रिल 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या दिघीत पोलिसांनी कुरिअरच्या गोदामातून 97 तलवारी जप्त केल्या. घरी ठेवण्याच्या परवान्याबद्दल भिवंडी शहरातल्यांनी ठाणे पोलीस आयुक्तालयात लेखी विचारावं.

परदेशातून आणायची असेल तर मार्ग आहे, पण खर्चिक. नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली. पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचं नाव आहे. लिलावात अंदाज होता सहा ते आठ हजार पौंडांचा. कमिशनसह ती गेली 38 हजारांवर. वाहतूक, विमा धरून खर्च 47 लाख 15 हजार रुपये. अशी वस्तू घरी परतावी म्हणून हा पैसा गेला, तो योग्यच होता. तुम्ही बोली लावणार असाल, तर कमिशन बोलीच्या पाव हिश्शाहून जास्त असू शकतं हे धरा. त्यावर विमा, वाहतूक, सीमाशुल्क. आयातीचा परवाना मात्र बोलीच्या आधीच हाती असू द्या.