काळ्या रानांतील मडक्याची माती

शेतकऱ्यास मातीची पारख असते हें खरें. परंतु ती पारख पिकापुरती असते. जी माती ज्वारीस उत्तम तीच मडक्यासही उत्तम, असा समज आमच्या भागांत पुष्कळ ठिकाणीं आढळतो, तो बरोबर नाहीं. दुधनी, अक्कलकोट व एकंदर सोलापूर जिल्हा हा दख्खनच्या काळ्या खडकावर वसलेला मुलूख आहे. त्या खडकाची झीज होऊन आमची काळी माती झाली, व तिच्याच पोटांत चुनखडीचे खडेही वाढले. काळीचें आटणें आणि चुनखडीचें फुगणें, ह्या दोन गोष्टी ज्यास समजल्या त्यासच येथील रानची माती मडक्याच्या कामीं लावतां येते.

हा विषय केवळ कुंभाराचा आहे असें कोणी म्हणेल. पण माती असते ती शेतकऱ्याच्या ओढ्याकांठीं व गांवच्या तळ्यांत. ती चुकीच्या जागीं खणली तर कुंभाराचा सबंध आवा वाया जातो आणि शेतकऱ्याच्या रानांत खड्डा तेवढा शिल्लक राहतो. म्हणून खणण्यापूर्वीं परीक्षा कशी करावी हें दोघांसही ठाऊक असणें अवश्य आहे.

नुसती काळी कां चालत नाहीं

काळ्या मातींतील चिकण भाग बहुतांशीं मॉन्टमोरिलोनाइट जातीचा असतो. हा पाणी पिऊन फार फुगतो व वाळतांना तितकाच आटतो. उन्हाळ्यांत रानास हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यांचें कारण हेंच. जें रानाचें होतें तेंच मडक्याचें होतें; नुसत्या काळीचें मडकें सावलींत वाळवितांनाच तडकतें. ह्यास्तव कुंभार तींत बारीक वाळू, राख किंवा घोड्यागाढवाची लीद मिसळतो. वाळूनें आटणें कमी होतें. लीद आव्यांत जळून जाते व तिच्या जागीं सूक्ष्म छिद्रें राहतात. त्यांतून वाफ सुटते, व पुढें पाणी झिरपून मडक्यांतील पाणी थंड राहतें.

माती कोठें शोधावी

वाहत्या पाण्यानें धुतलेली व संथ पाण्यांत बसलेली माती घ्यावी, हा मुख्य नियम होय. पाणी जड खडे व वाळू मागें टाकून बारीक चिकण माती पुढें नेतें. म्हणजे चाळण्याचें अर्धें काम निसर्गच करून ठेवतो. ओढ्याच्या वळणाच्या आंतल्या अंगास, जेथें पुराचा वेग मंदावतो तेथें, आणि चैत्र-वैशाखांत उघड्या पडलेल्या तळ्याच्या तळाशीं अशी माती मिळते. तिचे वरचे पापुद्रे उन्हानें वळून पत्रावळीसारखे उचललेले दिसतात, ही तिची खूण.

जेथें कांठाच्या कापांत पांढऱ्या खड्यांची ओळ दिसते, किंवा जमिनीवर पांढरा खार फुटलेला असतो, ती जागा सोडावी. राज्यांत २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली, तेव्हांपासून तळ्यांतील गाळ शेतांत नेण्याचा प्रघात वाढला आहे. असा गाळ नेतांना त्यांतील चिकण थर कुंभारास दाखवून मग शेतांत पसरावा, अशी आमची सूचना आहे.

चार परीक्षा

पहिली वळीची. ओली माती मळून करंगळीहून बारीक वळी करावी व बोटाभोंवतीं गुंडाळावी. ती न चिरतां वळली तर माती चिकट आहे. तुटली तर वाळू अधिक आहे.

दुसरी लिंबाची. वाळलेल्या ढेंकळावर लिंबाचा रस टाकावा. फेंस येऊन बुडबुडे उठले तर चुना आहे असें समजावें. चुना पिठासारखा बारीक असेल तर फारसें भय नाहीं. खडे असतील तर माती धुऊन, वस्त्रांतून गाळून घेतल्यावांचून वापरूं नये.

तिसरी आटण्याची. मातीची पट्टी करून तीवर १० सेंटीमीटर लांबीची रेघ ओढावी व पट्टी सावलींत पुरती वाळूं द्यावी. रेघ ९ सेंटीमीटर भरली तर माती शेंकडा १० आटली. ह्याहून अधिक आटल्यास चार भाग मातीस एक भाग बारीक वाळू घालून पुन्हा पाहावें.

चौथी भाजण्याची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. चार-पांच पणत्या करून कुंभाराच्या आव्यांत भाजून घ्याव्यात व नंतर पंधरा दिवस नुसत्या ठेवाव्यात. चुनखडीचा खडा सुमारें ७०० ते ८०० अंश सेंटिग्रेडच्या पुढें भाजला म्हणजे त्याचा कळीचा चुना होतो. कळीच्या चुन्यावर पाणी पडतांच तो कसा फुलतो हें घर बांधणारा प्रत्येक मनुष्य जाणतो. मडक्याच्या अंगांतील खडाही हवेंतील ओल घेऊन तसाच फुलतो व मडक्याची खपली उडवितो. म्हणून आव्यांतून धड निघालेलें मडकें आठवड्यानें फुटतें, आणि दोष भाजण्याला दिला जातो. आव्यांत सर्वत्र आंच सारखी नसते. त्यामुळें एकाच मातीचीं कांहीं मडकीं टिकतात व कांहीं उलतात.

माती कमावणें व भाजणें

माती वाळवून फोडावी, खड्ड्यांत दोन-चार दिवस भिजवावी, ढवळून पातळ झाल्यावर गाळावी, आणि तळाचा खडा-रेतीचा थर टाकून द्यावा. वरचें पाणी काढून घट्ट झालेली माती पायांनीं तुडवावी. तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांस ठाऊक आहे. माती तुडविणें हें काम किती तल्लीनतेचें आहे हें तिच्यावरून दिसतें. तुडविलेली माती ओल्या गोणपाटाखालीं महिनाभर मुरूं दिली तर अधिक लवचिक होते.

आव्यास प्रथम मंद धूर द्यावा. घाई केल्यास अंगांतील पाण्याची वाफ होऊन मडकें फुटतें. सुमारें ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीशीं जडलेलें पाणीही निघून जातें व त्यापुढें ती पुन्हा चिखल होत नाहीं. भाजलेलें मडकें थापटण्यानें वाजवून पाहावें. पक्कें मडकें खणखणतें, कच्चें बद्द वाजतें. गोरोबाकाकांनीं संतांची परीक्षा केली ती ह्याच रीतीनें.

काळ्या मुलखांतही उत्तम भांडीं होतात, ह्यास जुना पुरावा आहे. संगमनेरजवळ जोर्वे येथें १९५०-५१ सालीं उत्खनन झालें. तेथील तीन हजार वर्षांपूर्वींचीं लाल भांडीं बारीक मातीचीं व खणखणीत भाजलेलीं आहेत. पुणें जिल्ह्यांत घोड नदीकांठीं इनामगांवास त्या काळच्या शेतकऱ्यांच्या वस्तींत भांडीं भाजण्याची भट्टीही सांपडली.

खड्ड्याचा हिशोब

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, म्हणून हा शेवटचा मुद्दा सांगणें प्राप्त आहे. अनेक गांवांच्या दप्तरांत ‘कुंभारखाण’ अशी नोंद आढळते. मातीची जागा गांवानें ठरवून ठेवावी, हा त्यामागील शहाणपणा होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८ अन्वयें जमिनींतील खनिजांवर राज्याचा हक्क आहे. म्हणून विक्रीसाठीं माती नेण्यापूर्वीं तहसील कचेरींत विचारून घ्यावें.

आपल्या रानांत जागा द्यावयाची झाल्यास वरचा वीतभर कसदार थर आधीं बाजूस काढून ठेवावा व काम झाल्यावर तोच परत पसरावा. वीतभर काळी तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात. बांधाच्या पायथ्याशीं खणूं नये. कांठ खालून पोखरूं नये, कारण दरड अंगावर येऊन जीव जातो. खड्ड्याची बाजू उतरती ठेवावी.

चार पणत्या व एक लिंबू एवढ्या खर्चांत ही सर्व परीक्षा होते. ती केल्यावांचून शेतकऱ्यानें कुदळ लावूं देऊं नये आणि कुंभारानेंही ती मारूं नये.