सेमीकंडक्टरचा एक रस्ता केमिस्ट्रीतूनही जातो

बारावीनंतर समुपदेशनाला येणाऱ्या पालकांच्या तोंडी हल्ली एक शब्द हमखास असतो: सेमीकंडक्टर. पाठोपाठ प्रश्न येतो, ‘म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच घ्यायला हवं ना, सर?’ शेजारी बसलेल्या मुलीला केमिस्ट्रीची गोडी असते, पण ती गप्प राहते. हा लेख तिच्यासाठी आणि तिच्या आईबाबांसाठी. विषय आहे सेंद्रिय सेमीकंडक्टर.

‘सेंद्रिय’ म्हणजे काय?

सेंद्रिय गुळाशी याचं काही नातं नाही. इथे सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं. 1977 मध्ये शिराकावा, मॅकडिआर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअॅसिटिलीन या प्लास्टिकला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता लाखो पटींनी वाढली. या कामाला 2000 साली नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं. 1987 मध्ये कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय थरांचा प्रकाश देणारा डायोड केला. आज कित्येकांच्या मोबाइलवर असलेला ओएलईडी पडदा त्याचाच वंशज. तांग यांच्या 1986 च्या सौरघटात तर कॉपर थॅलोसायनिन होतं, म्हणजे छपाईच्या निळ्या शाईतलं रंगद्रव्य!

हे पदार्थ सिलिकॉनची जागा घेणार नाहीत, कारण त्यांच्यातून विद्युतभार फार हळू सरकतो. पण ते शाईसारखे छापता येतात आणि वाकवता येतात. हवा आणि ओल लागली की मात्र ते बिघडतात, आणि ओएलईडीतला निळा रंग इतरांआधी थकतो. या दुखण्यांवर इलाज शोधायला रेणू घडवू शकणारी माणसं लागतात.

काम कसं असतं?

पी-थ्री-एच-टी नावाच्या पॉलिमरचा नारिंगी थेंब काचेच्या तुकड्यावर टाकायचा आणि काच गरगर फिरवायची. पातळ थर वाळता वाळता जांभळट होतो. पुढचं बरंच काम नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, जाड रबरी हातमोज्यांत हात घालून. दहा नमुने करावेत, त्यातले सात वाया जावेत, आणि का गेले ते वहीत लिहून ठेवावं. हा चिवटपणा ज्याच्यात आहे, त्याने इकडे यावं.

वाटा

- आयसर, पुणे: पाच वर्षांचा बीएस-एमएस. प्रवेशासाठी आयसरची स्वतंत्र परीक्षा.
- आयसीटी, माटुंगा: रसायन तंत्रज्ञानाचं बीटेक. सीईटी आणि जेईई दोन्ही द्याव्यात.
- गावाजवळच्या कॉलेजातून बीएस्सी, मग ‘जॅम’ देऊन आयआयटीत एमएस्सी. ही वाट कमी प्रतीची नाही.
- पुढे नेट किंवा गेट देऊन पीएचडी. आयआयटी कानपूरमध्ये फ्लेक्झिबल इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे.

कुठूनही गेलात तरी फिजिक्स सोडू नका. रेणू बनवणाऱ्याला त्यातून वीज कशी वाहते हे कळलंच पाहिजे.

पालकांशी दोन शब्द

चार वर्षांत पॅकेज हवं असेल, तर ही वाट तुमची नाही. संशोधनातलं पद हवं तर बहुधा पीएचडी लागते. ओएलईडी पडद्यांचे मोठे कारखाने कोरिया आणि चीनमध्ये आहेत. आपल्याकडे अशा नोकऱ्या अजून मोजक्याच. पण पीएचडीचा सगळा भार घरावर पडत नाही. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं मिळतं. शिवाय रेणू बनवणं, तो शुद्ध करणं आणि त्याचे थर देणं हे हातातलं कसब रंग, औषधं, सौरऊर्जा अशा इतर उद्योगांतही चालतं. म्हणून एकाच खुंटीवर सगळं टांगलंय असं समजू नका.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, बऱ्याच संशोधन संस्था लोकांसाठी खुल्या असतात. फॉर्म भरण्याआधीच्या वर्षी मुलीला तिथे घेऊन जा आणि तुम्ही जरा मागे उभे राहा. ती एखाद्या टेबलापाशी रेंगाळली, तर घाई करू नका. कोणत्या टेबलापाशी रेंगाळली, तेवढं लक्षात ठेवा.