नट बसवण्याआधी

चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी

चि. बाळ,

तू पाठवलेले गिटारीचे फोटो मोठे करून नीट पाहिले. सगळ्यात बारीक तारेच्या खाचेपाशी नटाला, म्हणजे खुंट्यांजवळच्या तारांच्या आडपट्टीला, चीर गेली आहे. शेजारच्या दोन खाचा इतक्या खोल झिजल्या आहेत की त्या तारा मोकळ्या छेडल्या की पहिल्या फ्रेटवर खरखरणारच. खायचा सोडा आणि फेविक्विक भरून खाच वर आणता येते, एखादा कार्यक्रम त्यावर निभावतोही. पण चिरलेल्या नटावर असल्या डागडुजीत राम नाही. नवाच कर. बाजारातला तयार प्लास्टिकचा आणून चिकटवू नकोस, हाडाचा तुकडा घेऊन स्वतः घडव. तुझ्या हाताला ते जमेल याची मला खात्री आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितो.

मी ही कारागिरी शिकलो ती मिरजेत, तंबोऱ्यावर. तिथे १८५०च्या सुमारास फरीदसाहेबांनी वाद्यं करायला घेतली. घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणारं. लोखंड ओळखणारा हात पुढे लाकडाकडे आणि तारेकडे वळला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला फार आनंद झाला. तिथे मी जवारी काढायला शिकलो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असतो आणि त्याला अगदी किंचित उतार देतात. तार त्या माथ्यावर घासत, पुन्हापुन्हा टेकत कंप पावते, खाली सुताचा धागा सरकवला की स्वर फुलतो. तुझ्या गिटारीच्या नटावर नेमकं हेच टाळायचं आहे. तार नटावर एकाच ठिकाणी ठामपणे टेकली पाहिजे, फ्रेटांच्या बाजूच्या पुढच्या कडेवर. तिथून खाच खुंट्यांकडे उतरत गेली पाहिजे. खाच उलटी कललेली राहिली, तर तार मागच्या कडेवर टेकते, पुढे नुसती घासते आणि सतारीसारखी झणझणते. शिवाय तारेची लांबी वाढते आणि सगळं माप बिघडतं.

माप म्हणजे काय, तेही समजून घे. तुझी गिटार स्ट्रॅटच्या घाटाची, म्हणजे नट ते ब्रिज साडेपंचवीस इंच, ६४८ मि.मी. या लांबीला नटाच्या पुढच्या कडेपासून पहिला फ्रेट ३६.४ मि.मी.वर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर. बाकीचे सगळे फ्रेट त्याच कडेपासून मोजलेले असतात. नट उंच राहिला, तर पहिल्या फ्रेटवर दाबताना तार जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. तू लिहितोस की मोकळ्या तारा मिळवूनही एफ कॉर्ड बेसूर लागतो आणि बोटं दुखतात. ही तक्रार बहुतेक वेळा नटाचीच असते, मुलं मात्र वर्षभर बोटांना दोष देतात.

आधी मानेचा बाक तपासून तो मानेतल्या सळईनं, म्हणजे ट्रस रॉडनं, लावून घे. मान हलती ठेवून नटाची उंची ठरवायची नाही.

जुना नट उपटू नकोस. दोन्ही बाजूंनी पॉलिशवर धारदार पात्यानं रेघ मार, नाहीतर नटाबरोबर पॉलिशचा टवका निघतो. मग लाकडी ठोकळी लावून कडेनं हलकेच ठोक, तो आडवा सरकून बाहेर येईल. हटला नाही, तर मधोमध उभा कापून दोन्ही अर्धे भाग आत दाबून काढ. नटाचं घर साधारण ३.२ मि.मी. रुंद असतं. त्यातला जुना गोंद अरुंद पटाशीनं खरवड, लाकूड मात्र खरवडू नकोस. घराचा तळ सपाट आहे की फिंगरबोर्डसारखा बाकदार, ते आत्ताच पाहून घे.

हाडाचा तुकडा काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर घास. बोटांनी दाबून घरात बसला पाहिजे, गिटार उलटी केली तरी पडता कामा नये आणि बसवायला हातोडीही लागता कामा नये. आपल्या गावातली यादवकालीन देवळं आठव. सांध्यात चुना नाही, दगड दगडावर घडवून बसवला आहे. नटाचंही काम तसंच, गोंदानं फक्त सरकू नये एवढंच पाहायचं. हाडाची भुकटी नाकात जाते, तोंडाला फडकं बांध. हाड नको वाटलं, तर स्वयंपाकघराच्या ओट्यांना वापरतात त्या कोरियनचा उरलेला तुकडा चालतो, पितळही चालतं. हस्तिदंत किंवा सांबरशिंग कुणी देऊ केलं तर घेऊ नकोस. त्यांच्या व्यापाराला कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्य आहे.

आता उंची. साधी पेन्सिल उभी अर्धी चीर, सपाट बाजू फ्रेटांच्या माथ्यावर टेकव आणि नटावर रेघ ओढ. ही रेघ म्हणजे फ्रेटांची पातळी. तिच्या खाली खाच गेली की नट वाया. जाड तारांकडे रेघेवर दोनेक मि.मी. राखून बाकीचं घासून टाक. कडेच्या दोन तारा फिंगरबोर्डाच्या काठापासून तीनेक मि.मी. आत घे आणि मधल्या तारा अशा बसव की तारातारांमधली मोकळी जागा सारखी दिसेल. मध्यापासून मध्यापर्यंत सारखं अंतर धरलंस, तर जाड तारा एकमेकींना खेटलेल्या वाटतील.

खाचांच्या कानशी महाग येतात. गॅरेजमधल्या फिलर गेजचं ०.३० मि.मी.चं पातं घे, त्रिकोणी कानशीनं त्याच्या काठाला बारीक दाते पाड, की दहा नंबरच्या तारेची करवत तयार. तेरा नंबरला ०.४०चं, सतरा नंबरला ०.५०चं पातं. जाड तारांना वेल्डिंगवाल्याकडचा नोझल साफ करायच्या पिनांचा संच पुरतो. खाच तारेपेक्षा एक केसभर रुंद हवी. अरुंद राहिली की मिळवताना ‘टिंग’ असा आवाज येतो, तार अडकते आणि मग एकदम सुटते. फार रुंद झाली की तार आत हलते.

खरा जीव ओतायचा तो इथे. दोन-तीन घासे मारायचे, तार परत खाचेत घालून मिळवायची आणि पाहायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाब, म्हणजे ती नट आणि दुसरा फ्रेट या दोघांवरच टेकते. आता पहिल्या फ्रेटवर डोळा लाव. तिथे अगदी पातळ फट दिसली पाहिजे. बोटानं तार वरून टिचकव, ‘टिक्’ असा बारीक आवाज आला की फट आहे. आवाजच नाही, तर खाच फार खोल गेली. तार उघड उघड खाली जाताना दिसली, तर अजून घासायचं आहे. बारीक तारांना फट जेमतेम, जाड तारांना थोडी जास्त, कारण त्या मोठ्या झोक्यानं हलतात. शेवटच्या दोन घाशांना घाई करू नकोस. रात्री थकल्यावर तर अजिबात हात घालू नकोस, सकाळच्या उजेडात कर.

खोली जमली की नटाचा वरचा भाग घासून कमी कर. जाड तार अर्धी वर दिसावी, बारीक तार जवळजवळ माथ्याच्या बरोबरीनं. कोपरे गोल कर, नाहीतर अंगठ्याच्या मुळाला टोचतील. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं फिरव, तार सुखानं सरकेल. चिकटवायला गोंदाचे फक्त दोन थेंब. पुढे कधीतरी कुणाला हा नट काढावा लागेल, त्याचा विचार आपणच करायचा असतो.

एक गंमत सांगतो. हाच नट उंच केला की गिटारीचा स्वभाव पालटतो. ब्रिजभूषण काब्रा गिटार आडवी ठेवून सळईनं वाजवत. तशा वादनात तार फ्रेटवर दाबायचीच नसते, म्हणून नट मुद्दाम उंच घेतात. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ची तबकडी ऐक, मींड कशी येते ते कळेल.

जुना नट टाकून देऊ नकोस. त्यावर तारांची अंतरं मोजून एका चिठ्ठीवर लिही आणि दोन्ही वस्तू गिटारीच्या पेटीत ठेव. काम झालं की सहाही तारा आधी मोकळ्या, मग पहिल्या फ्रेटवर दाबून वाजव आणि ते रेकॉर्डिंग मला पाठव. ऐकून कुठे घासायचं राहिलं ते कळवतो.

तुझा,
मामा