अपघातानंतरची लांब वाट : जुन्या मोटारींच्या छंदातील मित्रमंडळींसाठी आरोग्यविषयक मार्गदर्शन

आपल्या देशात जुन्या मोटारी जपणाऱ्यांची लहानमोठी मंडळे अनेक शहरांत आहेत. कोलकात्यातील जुन्या मोटारींची प्रसिद्ध रॅली १९६८ साली सुरू झाली. उत्तरपाड्याची अँबेसेडर असो वा कुर्ल्याची पद्मिनी, या गाड्यांच्या निमित्ताने जमणारी माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या गॅरेजमध्ये, आणि पुढे एकमेकांच्या घरांतही, वावरू लागतात. अशा मंडळातील एखादा मित्र रस्ते अपघातात गंभीर जखमी झाला, की सर्वजण रुग्णालयाकडे धाव घेतात. परंतु रुग्ण घरी परतल्यावर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, येणाऱ्यांची संख्या घटते. आणि नेमका तोच काळ रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला सर्वांत कठीण जातो. मांडीचे हाड जुळून येण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात. डोक्याच्या गंभीर दुखापतीतून सावरण्यास त्याहून अधिक काळ लागू शकतो. या लांब वाटेवर आपण मित्राला सोबत कशी द्यावी, हे समजावून देणे हा या पत्रकाचा उद्देश आहे. येथे ‘मित्र’ म्हटले आहे ते स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे.

१. रुग्णालयातील दिवस

अतिदक्षता विभागाबाहेर गर्दी करू नये. सर्दी, खोकला वा ताप असलेल्यांनी भेटीस जाऊ नये. जंतुसंसर्ग जखमी व्यक्तीस घातक ठरू शकतो. डॉक्टरांशी बोलण्यासाठी कुटुंबाच्या संमतीने एकच व्यक्ती नेमावी आणि तिने इतरांना माहिती द्यावी. रुग्णाची किंवा चुरडलेल्या मोटारीची छायाचित्रे मंडळाच्या मोबाइल गटात पाठवू नयेत. तो बरा झाल्यावर तीच छायाचित्रे त्याच्याही नजरेस पडतात.

रक्ताची आवश्यकता भासल्यास आपली मदत मोलाची ठरते. रक्तदात्याचे वय १८ ते ६५ वर्षे असावे. प्रथमच रक्त देणाऱ्याचे वय ६० पेक्षा अधिक नसावे. वजन किमान ४५ किलो हवे. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी ९० दिवसांचे व स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे. सर्वांनी एकाच दिवशी रक्त देण्यापेक्षा रक्तपेढीस विचारून पाळी ठरवावी. पुढील शस्त्रक्रियेच्या वेळी दाते शिल्लक राहतात.

२. घरी परतल्यावर : कामांची वाटणी

“काही लागले तर सांगा,” असे आपण सद्भावनेने म्हणतो. परंतु थकलेले कुटुंब सहसा भिडेपोटी काहीच सांगत नाही. त्याऐवजी काम व वेळ नेमकी सांगावी : “बुधवारी सकाळी ड्रेसिंगसाठी मी घेऊन जाईन,” “शनिवारी दुपारी तीन तास मी बसतो, वहिनींनी झोप घ्यावी.” रुग्णाची शुश्रूषा बहुधा एकाच व्यक्तीच्या, म्हणजे पत्नीच्या किंवा आईच्या, अंगावर पडते. तिला मिळालेली तीन तासांची शांत झोप ही रुग्णासाठीही औषधासारखीच आहे.

मंडळाने बारा आठवड्यांचे वेळापत्रक कागदावर लिहून कुटुंबास द्यावे. पुढील कामे वाटून घेता येतील :

• तपासणीच्या तारखा, औषधांच्या वेळा व क्ष-किरण चित्रे एका वहीत व पिशवीत एकत्र ठेवणे.
• फिजिओथेरपिस्टने शिकविलेले व्यायाम रुग्णाकडून त्याच्या गतीने करवून घेणे. व्यायामात आपली भर घालू नये.
• घरातील निसरड्या जागा, सुटी पायपुसणी, उंबऱ्याजवळील अंधार यांवर उपाय करणे. शौचालयात भक्कम आधारदांडा बसविणे. ज्यांचे हात हत्यारांना सरावलेले आहेत, त्यांनी हे काम आपणहून घ्यावे.
• डाळी, दूध, अंडी, कडधान्ये असा प्रथिनयुक्त आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार पोहोचविणे.
• मुलांची शाळा, बँक, वीजबिल यांसारखी रोजची कामे उरकणे.

जो रुग्ण स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. अन्यथा पाठ, माकडहाड व टाचा येथे दाबाच्या जखमा होतात. हे काम परिचारिकेकडून प्रत्यक्ष शिकून घेतल्यावरच करावे. मणका किंवा ओटीपोटाच्या हाडांना इजा झालेल्या रुग्णास अंदाजाने उचलू नये.

रुग्णाजवळ धूम्रपान करू नये व त्यालाही सिगारेट देऊ नये. धूम्रपानामुळे हाड जुळण्यास विलंब होतो. वेदनाशामक व झोपेच्या औषधांबरोबर मद्य घेणे जिवावर बेतू शकते. ‘जुन्या दिवसांसाठी एक पेला’ हा आग्रह कृपया टाळावा.

रुग्णास तपासणीस नेताना जुनी मोटार वापरू नये. तिची आसने बहुधा खोल असतात, दार अपुरे उघडते आणि सीट बेल्ट नसतो. शिवाय ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातील व ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदलेली मोटार २०२१ च्या नियमांनुसार प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन व देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. उंच आसनाचे, सीट बेल्ट असलेले वाहन किंवा रुग्णवाहिका निवडावी.

३. धोक्याची लक्षणे ओळखा

सोबतीस बसणाऱ्या प्रत्येकास पुढील लक्षणे ठाऊक असावीत. ती दिसल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात न्यावे. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर साहाय्य मागावे.

• डोके : वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, अनैसर्गिक गुंगी, झटके, बोलण्यात गोंधळ, शरीराच्या एका बाजूस अशक्तपणा. वयस्क व्यक्तींत आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत ही लक्षणे काही आठवड्यांनंतरही उद्भवू शकतात.
• पाय : एकाच पोटरीला सूज, दुखणे, उष्णता. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ही खूण असू शकते. अशा पायास मालिश मुळीच करू नये.
• छाती : अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त येणे.
• प्लॅस्टर : बोटे बधिर, गार वा निळसर होणे, औषधानेही न थांबणारी, वाढत जाणारी वेदना.
• जखम : पू, दुर्गंधी, पसरणारी लाली, थंडी वाजून ताप.

अस्थिभंगावर शस्त्रक्रिया झाली असताना हाडवैद्याकडून हाड ‘पुन्हा बसवून’ घेण्याचा सल्ला देऊ नये.

४. मनाची जखम

अपघातानंतर दुःस्वप्ने पडणे, हॉर्नच्या आवाजाने दचकणे, वाहनात बसण्याची भीती वाटणे, चिडचिड होणे हे स्वाभाविक आहे. बहुतेकांत हा त्रास हळूहळू कमी होतो. एक महिन्याहून अधिक काळ टिकल्यास किंवा झोप, जेवण, बोलणे यांवर परिणाम झाल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ‘टेलिमानस’ या राष्ट्रीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशन उपलब्ध आहे. “मी गेलो असतो तर बरे झाले असते” असे उद्गार ऐकू आल्यास ते थट्टेवारी नेऊ नयेत. मित्रास एकटे सोडू नये व त्याच दिवशी मदत घ्यावी.

अपघात कसा झाला, हे प्रत्येक भेटीत विचारू नये. तो स्वतः सांगू लागला, तर मध्ये न थांबवता ऐकावे. वेग किती होता, ब्रेक केव्हा दाबला, चूक कोणाची, ही चिकित्सा मोटारींच्या जाणकारांना सहज सुचते. परंतु खाटेवरील माणसास ती चौकशीसारखी वाटते. अपघातात दुसऱ्या कोणास इजा झाली असेल, तर अपराधभावनेचे ओझेही त्याच्या मनावर असते. “झाले ते विसर” असे म्हटल्याने ते उतरत नाही. आपण शेजारी शांतपणे बसून राहिलात, तरी पुष्कळ होते.

अपघाताच्या वेळी मागील मोटारीत असलेल्या मित्रांनीही स्वतःच्या मनाकडे लक्ष द्यावे. पाहिलेल्या दृश्याचा आघात त्यांनाही होतो व १४४१६ ही सेवा त्यांच्यासाठीही आहे.

५. त्याची मोटार

गॅरेजमध्ये मित्राची अर्धवट उघडलेली मोटार उभी असते. ती गुपचूप पूर्ण करून त्यास चकित करावे, असे मंडळास वाटणे साहजिक आहे. परंतु आधी त्याला विचारावे. स्वतःच्या हाताने ते काम पुरे करण्याची आशा हीच कदाचित त्याची उमेद असेल. किंवा मोटार पाहणेही त्यास नकोसे झाले असेल. अपघात त्याच मोटारीत झाला असेल, तर पोलीस व विमा कंपनीची तपासणी पूर्ण होईपर्यंत तिच्या कोणत्याही भागास हात लावू नये. ती भंगारात देण्याचा वा विकण्याचा निर्णय त्याच्या वतीने कोणीही घेऊ नये.

त्यास हवे असल्यास छंदाचा उपयोग उपचारास पूरक म्हणून होऊ शकतो. हातास दुखापत झाली असेल, तर फिजिओथेरपिस्टला विचारून, कार्बोरेटरचे लहान भाग पुसणे, नट-बोल्ट निवडून डब्यांत लावणे अशी हलकी कामे देता येतील. एखादी मोटार पूर्ववत करताना घाईने केलेले काम पुन्हा उकलावे लागते, हे आपण जाणता. शरीराच्या बाबतीत तितकाच धीर धरावा. मात्र एक भेद लक्षात असावा : मोटारीचा सुटा भाग बदलून ती पहिल्यासारखी करता येते, माणूस नेहमीच पहिल्यासारखा होतो असे नाही. “पुढच्या रॅलीपर्यंत तू उभा राहिलाच पाहिजेस” अशी मुदत त्यास घालू नये. रॅलीस तो खुर्चीत बसून आला, तरी त्याची जागा तीच राहील, हे त्यास आपल्या वागण्यातून कळावे.

६. पुन्हा स्टिअरिंगवर

पुन्हा वाहन केव्हा चालवावे, हे डॉक्टरांनी ठरवावे, मित्रांनी नव्हे. गुंगी आणणारी औषधे चालू असताना, ब्रेक जोराने दाबता येत नसताना, मान पुरेशी वळत नसताना किंवा झटके येत असताना वाहन चालवू नये. जुन्या मोटारींचे ब्रेक व स्टिअरिंग अधिक ताकद मागतात. म्हणून प्रारंभ नव्या, हलक्या वाहनाने, मोकळ्या रस्त्यावर, सोबतीने करावा.

मंडळातील इतरांनीही या घटनेतून बोध घ्यावा. अनेक जुन्या मोटारींना सीट बेल्ट, डोक्यामागील आधार किंवा धडकेत दुमडणारा स्टिअरिंग दांडा नसतो. बेल्ट बसविताना तो पातळ पत्र्यास न जोडता सांगाड्याच्या भक्कम भागास, जाणकाराकडूनच जोडून घ्यावा. मूल मांडीवर घेऊन पुढील आसनावर बसू नये.

७. कागदपत्रे व हक्क

• रस्ते अपघातातील जखमींसाठी २०२५ पासून लागू असलेल्या रोकडरहित उपचार योजनेत, नियुक्त रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, प्रति व्यक्ती दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात.
• मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करण्याची कायद्यातील मुदत अपघातापासून सहा महिने आहे. रुग्ण खाटेवर असताना ही मुदत निघून जाऊ नये, म्हणून एका मित्राने हे काम अंगावर घ्यावे.
• प्रथम माहिती अहवाल, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, औषधांची देयके व विमापत्र यांच्या प्रती जपाव्यात. कायदेविषयक मोफत साहाय्याच्या माहितीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.
• अपघातग्रस्तास मदत करणाऱ्या व्यक्तीस मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ अन्वये संरक्षण आहे. आपले नाव सांगण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. म्हणून रस्त्यावर जखमी दिसल्यास कचरू नये.

स्वतःस विचारा

१. मित्रास अपघात होऊन किती आठवडे झाले? मी शेवटचा केव्हा गेलो होतो?
२. त्याची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीस या आठवड्यात विश्रांती मिळाली का?
३. धोक्याची लक्षणे मला न वाचता सांगता येतील का?
४. त्याच्या मोटारीविषयी आम्ही जे ठरवीत आहोत, ते त्यास विचारले आहे का?

पहिल्या दिवशी आलेल्या तीस जणांची आठवण कुटुंबास राहतेच. परंतु तिसऱ्या महिन्यातही दर बुधवारी दार वाजविणारा एक मित्र रुग्णास चालते करण्यास अधिक हातभार लावतो. तो मित्र आपण व्हावे, ही विनंती.

(हे पत्रक वैद्यकीय सल्ल्यास पर्याय नाही. उपचारांविषयीचे सर्व निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)