रेघ सरळ नको, पाणी स्वच्छ हवं

चि. मृणाल हिस,


मुंबई हायच्या प्रोसेस प्लॅटफॉर्मवर इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये तुझी नेमणूक झाल्याचं ताईनं कळवलं. फार आनंद झाला. चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी हा क्रम हळूहळू अंगवळणी पडेल. कामातली एक गोष्ट मात्र कुणी समोर बसवून शिकवत नाही, म्हणून हे पत्र.

मुंबई हाय १९७४ साली सापडलं, १९७६ मध्ये तिथून तेल निघू लागलं. इतक्या जुन्या क्षेत्रातल्या विहिरी तेलाबरोबर भरपूर पाणी देतात. भूगर्भातला दाब टिकवायला आपण समुद्राचं पाणी खाली सोडतो, कालांतराने तेही वर येतं. सेपरेटरमध्ये वायू वर जातो, तेल मध्ये राहतं, पाणी तळाशी बसतं. तेल पाइपलाइनने उरणला जातं. त्यात थोडं पाणी राहिलंच, तर तिथे ते काढता येतं. पण पाण्याबरोबर समुद्रात गेलेलं तेल परत आणता येत नाही. आपल्याकडचा नियम असा, की समुद्रात सोडायच्या पाण्यात तेलाचं प्रमाण ९५ टक्के नमुन्यांत लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत हवं आणि १०० च्या वर कधीच जाता कामा नये. तेही पाणी मिसळून पातळ न करता.

हे कसं साधायचं, ते तेलाच्या थेंबाकडे बघितलं की कळतं. स्टोक्सच्या नियमानुसार थेंबाचा व्यास निम्मा झाला, तर त्याचा वर येण्याचा वेग एक चतुर्थांश होतो. सेपरेटरमध्ये पाण्याला मिळतात मोजकी मिनिटं, त्यात बारीक थेंब वर पोचतच नाहीत. म्हणून थेंब फुटू न देणं हे पहिलं काम. अर्धवट उघड्या कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये दाब एकदम पडतो आणि थेंबांचा चुरा होतो. म्हणूनच सेपरेटरच्या पाण्याचा लेव्हल व्हॉल्व्ह पाण्यातलं उरलेलं तेल काढणाऱ्या हायड्रोसायक्लोनच्या आधी नव्हे, नंतर बसवतात. पाइपिंगच्या ड्रॉइंगवर हा क्रम स्वतः शोधून बघ.

आता मुख्य मुद्दा. विहिरींच्या प्लॅटफॉर्मवरून समुद्रतळाच्या पाइपलाइनने येणारा प्रवाह एकसारखा नसतो. कधी वायूचा लोट येतो, कधी द्रवाचा लोंढा. नवा इंजिनिअर पॅनलवर इंटरफेसची, म्हणजे तेल-पाण्याच्या सीमेची, रेघ खालीवर होताना बघतो आणि कंट्रोलरचा गेन वाढवतो. रेघ सरळ होते, सगळे समाधानी होतात. पण लोंढा नाहीसा झालेला नसतो. सेपरेटरने जो पोटात घ्यायचा, तो जसाच्या तसा हायड्रोसायक्लोनकडे गेलेला असतो. धरणात पुरासाठी जागा राखतात, तशी सेपरेटरमधली ती उंची चढउतार सोसण्यासाठीच ठेवलेली असते. धोक्याच्या मर्यादांपासून पुरेसं अंतर राखून इंटरफेसला हलू दे. बाहेर जाणारा प्रवाह शांत ठेव.

त्याचं कारण हायड्रोसायक्लोनच्या स्वभावात आहे. तिथे पाण्याला गरगर फिरवून तेल मध्यभागी गोळा करतात आणि वरच्या बारीक तोंडातून काढतात. प्रवाह किमान पातळीखाली गेला, की फिरकी मंदावते आणि तेल पाण्याबरोबरच निघून जातं. तेलाच्या तोंडातून एकूण प्रवाहाचे साधारण एक ते तीन टक्केच निघतात. तो वाटा राखायला दोन दाबफरकांचं गुणोत्तर सांभाळतात: येणाऱ्या पाण्यापासून तेलाच्या तोंडापर्यंतचा फरक आणि येणाऱ्या पाण्यापासून स्वच्छ पाण्यापर्यंतचा फरक. हे गुणोत्तर डिझाइनमधल्या आकड्याजवळ आहे ना, हे रोज बघ. लेव्हल व्हॉल्व्ह सतत उघडझाप करत असेल, तर हे गुणोत्तर राखणारा लूप त्याच्या मागे धावत राहतो आणि दोन्ही लूप बिघडतात.

रेघ हेलकावे खात असेल तर लगेच ट्यूनिंगला हात लावू नकोस. प्रोसेसवाल्यांना सांगून, त्यांच्या परवानगीने, लूप थोडा वेळ मॅन्युअलवर घे. हेलकावे थांबले, तर दोष लूपमध्ये आहे. तसेच राहिले, तर ते मागून येताहेत. लूपमध्येच असतील तर आधी व्हॉल्व्ह तपास. सिग्नल थोडा बदलून स्टेम खरंच हलतो का, ते जागेवर उभं राहून बघ. पॅकिंगमध्ये अडकणाऱ्या व्हॉल्व्हला कुठलंही ट्यूनिंग सुधारत नाही.

ट्रान्समीटरवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. डिस्प्लेसरला इंटरफेस दिसत नाही, तो फक्त उत्प्लावक बल मोजतो. तेलाची किंवा पाण्याची घनता बदलली, अंगावर मेण चढलं, की आकडा चुकतो. तेल आणि पाण्यामध्ये इमल्शनचा जाड थर बसला, तर पॅनलवर एकच आकडा दिसतो, पण आत स्पष्ट सीमा नसतेच. अशा वेळी वेगवेगळ्या उंचीवरच्या सॅम्पल कॉकमधून नमुने घे, इमल्शन फोडणाऱ्या डीमल्सिफायरची मात्रा बघणाऱ्या केमिस्टशी बोल. तळाशी वाळू साचली असेल, तर पाण्याला मिळणारा वेळही कमी झालेला असतो.

शेवटचं, आणि यात तडजोड नको. इंटरफेस फार खाली गेला की पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करणारा शटडाउन कंट्रोलच्या ट्रान्समीटरपासून वेगळा असतो, तो ट्रान्समीटर चुकला तरी काम करावा यासाठीच. उत्पादन अडतंय म्हणून तो तोंडी सांगण्यावरून बायपास करू नकोस. लेखी परवानगी, ठरलेली मुदत आणि तेवढ्या वेळात पहारा देणारा माणूस, या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय नाही. पाण्याचा नमुना वाईट आला तर तोच नोंदव. चांगला येईपर्यंत बाटल्या भरत बसू नकोस. चुकीच्या नोंदीवर पुढच्या पाळीचा माणूस निर्णय घेतो.

पहिल्या चौदा दिवसांत कुठलीही सेटिंग बदलू नकोस. इंटरफेस, व्हॉल्व्हची स्थिती, दाबाचं गुणोत्तर आणि पाण्यातलं तेल हे चार ट्रेंड एकाखाली एक लाव आणि आठवडाभर नुसते बघ. मग तुझ्या लक्षात काय आलं, ते मला सविस्तर लिही.

तुझा,
मामा