चष्म्यावरची वाफ

मी वाणिज्य शाखेचा. तरी हा विषय घेतला, कारण पावसात पेडण्याहून डिचोलीला स्कूटरने जाताना हेल्मेटची काच बंद केली की चष्मा धूसर होतो आणि समोरचा ट्रकही दिसत नाही.

उच्छ्वासातील उष्ण, दमट हवा थंड भिंगाला लागून बारीक थेंब बनतात व प्रकाश विखुरतात. साबणाचा पातळ थर असल्यास पाण्याचा पृष्ठताण घटतो आणि थेंबांऐवजी सलग, पारदर्शक पापुद्रा पसरतो. शल्यविशारदांच्या एका इंग्रजी नियतकालिकात २०११ साली मास्कसाठी हाच उपाय छापला होता.

म्हणून निघण्यापूर्वी चष्मा साबणाच्या पाण्याने धुवावा, झटकून वाळू द्यावा. हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवावी. तरीही वाफ धरल्यास मित्रहो, कडेला थांबूनच पुसा. दोन मिनिटांनी तास बुडत नाही.