मानवतावाद आणि आपला धर्म



माणसाचे मोल सर्वांत आधी मानणारा विचार म्हणजे मानवतावाद. त्यातील काही जण देवाला बाजूला ठेवतात, म्हणून हा शब्द ऐकताच आपण बिचकतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हीही बिचकत होतो.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस पाहा. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. जपानी आक्रमणातील जखमींवर शस्त्रक्रिया करीत तिथेच राहिले. वडील वारल्याचे कळूनही परतले नाहीत. 1942 मध्ये ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, वारले. अशा माणसाच्या दयेला आपण काय म्हणणार?

प्रभू येशूने दाखल्यातल्या शोमरोन्याची उपासना तपासली नाही, जखमेवर तेल ओतणारे त्याचे हात दाखवले. वळसा घालून गेला तो याजक! (हे वाचताना आम्हाला दर वेळी अवघडते.) दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1965 साली सांगितले की, पृथ्वीवरील सर्व काही माणसासाठी असावे यावर श्रद्धावंत आणि अश्रद्ध यांचे बहुतांशी एकमत आहे.

फरक पुढे आहे. माणूस मोलाचा का? आपण म्हणतो, देवाच्या प्रतिरूपात घडला म्हणून. त्यामुळे अंथरुणाला खिळलेली, कुणाच्याच कामाची न उरलेली आजीही तितकीच मोलाची. उत्तर आपल्याला पाठ आहे. प्रात्यक्षिकाची वही मात्र पुष्कळदा कोरी असते.

या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेत लूक 10:25-37 वाचावे, आणि आपण कुणाला वळसा घातला ते एकमेकांना सांगावे. आम्हीही सांगू.